माहेरचा विस्तव

मधल्या दाराची उजवी फळी भिंतीला टेकलेली नव्हती. डावी पूर्ण उघडी होती. तिची पितळी कडी भिंतीतल्या खोबणीत नीट बसली होती. उजवी अर्ध्यावर थांबली होती आणि तिच्याखाली लाकडाची पाचर ठोकलेली होती. पाचर नवी होती, कापलेल्या बाजूवर राळेचा थेंब अजून ओला दिसत होता. उरलेल्या वाटेतून माणूस सहज आत गेला असता. पालखी गेली नसती. पालखीच्या रुंदीपेक्षा ती वाट चार बोटं कमी होती, आणि इतका बारीक फरक नुसत्या नजरेच्या अंदाजाने साधत नाही. कुणीतरी आधी मोजून ठेवलं होतं.

"बिजागरी गंजलीय," ऊ कारभारी पायरीवरून म्हणाले. कांगबेच्या देवळाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. सुपारीने गाल फुगलेला, दोन्ही हात पाठीमागे. "उघडत नाही. कुठल्या गावचे तुम्ही?"

पालखीच्या पुढच्या दांड्याखाली हाई-ओंग होता. तो घामाने भिजलेला होता, तरी मोठ्याने हसला.

"कुठल्या गावचे! गेल्या साली आमच्या कालवांच्या वाडग्यात बोटं घालून चाटत होतास, तेव्हा गाव ठाऊक होतं."

"बरेच जण येतात. सगळ्यांची तोंडं कुठे लक्षात ठेवायची?"

"पाचर काढ. तोंड जवळून दाखवतो."

"हाई-ओंग," बाबा म्हणाले. "गप्प बस."

तुआलुनहून इथवर आम्ही दोन दिवस चालत आलो होतो. आमच्या गावातल्या मात्सूआईचं, आमच्या समुद्रदेवीचं, हे माहेर. पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या खलाशांनी आपल्या नावेतली मूर्ती याच खाडीकाठी उतरवली आणि तिच्याभोवती हे देऊळ उभं राहिलं. इथल्या धूपदाणीतला विस्तव नेऊन आमच्या पूर्वजांनी गावात तिची लेक बसवली. तेव्हापासून दर वसंतात, आईच्या वाढदिवसाआधी, लेकीला पालखीतून माहेरी आणायचं, आईच्या धूपदाणीतला विस्तव आमच्या धूपदाणीत घ्यायचा आणि तो विझू न देता घरी न्यायचा. तो मिळाला नाही तर लेकीचं तेज ओसरतं असं आमच्याकडे मानतात. मी खाडीच्या पाण्यातला क्षार मोजायची नोकरी करते, आणि मीही मानते.

या वर्षी धूपदाणीचा मान माझ्याकडे आला होता. हा मान कौलावर ठरतो. चंद्रकोरीसारखे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला की देवीचा होकार. गावातल्या प्रत्येक घरातल्या एकाच्या नावाने कौल लावतात आणि ज्याला सलग जास्त होकार येतील तो वर्षाचा मानकरी. बाईच्या नावाला इतके होकार याआधी आले नव्हते. काही म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. बाबा आमच्या गावच्या देवळाचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांच्यासमोर फार कुणी बोललं नाही. बाहेर बोलले असतील.

बाबांनी पाचरीकडे पाहिलं. मग ते पालखीपाशी गेले, देवीला आसनाशी बांधलेले लाल दोर सोडले आणि तिला दोन्ही हातांवर उचलून घेतलं. ती दोन वर्षांच्या मुलाएवढी आहे, पण जुन्या लाकडाची, जड. मुकुटाचे मणी दाराला लागू नयेत म्हणून बाबा तिरके झाले आणि उंबरठ्याला पाय न लावता त्या फटीतून आत सरकले.

मागे कुणीही ढोल वाजवला नाही. कांगबेकडून फटाके लागतात, तेही लागले नाहीत. आमच्या आधी आलेल्या एका गावाची फटाक्यांचे लाल कागद मात्र अंगणभर पडलेले होते.

"लेकीला चोरवाटेनं आत घेतात," किम-त्सू मावशी मोठ्याने म्हणाली. वाटेतल्या सगळ्या जेवणांची जबाबदारी तिची, आणि तिचा आवाज चाळीस माणसांच्या भांड्यांवरून जाणारा. "जळो असलं माहेर."

*

आत आमची जागा ठरलेली असते. मुख्य वेदीवर काळ्या चेहऱ्याची आई, आणि तिच्या उजव्या हाताला, दुसऱ्या पायरीवर, आमची लेक. त्या जागी आज प्लास्टिकच्या ऑर्किडची मोठी कुंडी ठेवलेली होती.

"जागा नाही," कारभारी म्हणाले. "त्या टेबलावर ठेवा."

त्या टेबलावर लोक छत्र्या आणि हेल्मेटं ठेवतात. कांगबेच्या एका माणसाने हेल्मेटं एका बाजूला सरकवली, खाली उतरवली नाहीत. किम-त्सू मावशीने कमरेची ओढणी सोडून टेबल पुसलं. एकदा पुसून उलट्या बाजूने पुन्हा पुसलं.

"माझ्या सासूनंसुद्धा पहिल्या दिवशी मला खुर्ची दिली होती," ती म्हणाली. "आणि ती काय बाई होती ते अख्ख्या तुआलुनला माहितीये."

आमची काही माणसं हसली. कांगबेचं कुणी हसलं नाही. ते भिंतीला टेकून बसलेले होते, समोर चहाचं भांडं होतं, आणि चहा फक्त ते पीत होते. आम्ही कोपऱ्यातल्या नळापाशी गेलो तर नळाची मूठ काढून ठेवलेली होती.

"काका, अजून काय बघायचं राहिलंय?" हाई-ओंग बाबांच्या अगदी जवळ येऊन म्हणाला. "आता तरी बोला. आज, इथेच बोलून टाका."

"विस्तव घेऊ," बाबा म्हणाले. "मग बघू."

"सहा वर्षं तुमचं मग बघू चाललंय."

हे खरं होतं. समुद्रापलीकडच्या ज्या बेटावर मात्सूआई माणूस म्हणून जन्मली, तिथे जायची वाट उघडून बराच काळ लोटला होता. आसपासची कितीतरी देवळं थेट तिथून विस्तव घेऊन आली. जे देऊळ तिथून विस्तव आणतं, त्याची मात्सूआई कांगबेची लेक राहत नाही, कांगबेची बहीण होते. मग दुसऱ्या पायरीचा प्रश्न उरत नाही, टेबलाचाही नाही. आमच्या गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तेच हवं होतं. हाई-ओंगने तर बसवाल्याशी आणि बोटवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. कांगबेच्या कानावर ते गेलं आणि तेव्हापासून दर वर्षी इथलं काहीतरी बंद होत गेलं. आधी चहा, मग फटाके, या वर्षी दार.

जायचं की नाही हे अध्यक्षाने सांगायचं. बैठकीत विषय निघाला की बाबा म्हणत, मात्सूआईला विचारू. मग ते कौल लावत. पण प्रश्न असा घालत की होकार आला तरी एक वर्ष थांबायचं, नकार आला तरी एक वर्ष थांबायचं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. इतरांना कळायला थोडा वेळ लागला.

ते का थांबत होते तेही मला माहीत होतं. बाबांची आई त्यांच्या जन्मानंतर लगेच वारली. मूल जगेना, तेव्हा आजोबांनी त्यांना इथे आणलं आणि कांगबेच्या मात्सूआईच्या ओटीत घातलं. देवीचं मूल म्हणून गळ्यात लाल दोरा बांधला. मुलं मोठी झाली की तो दोरा काढून देवीला परत करतात. बाबांनी काढला नाही. दर वर्षी इथे येऊन ते तो धूपदाणीच्या धुरावरून फिरवतात आणि पुन्हा गळ्यात घालतात. दुसऱ्या पायरीवर कोण बसतं याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना आई म्हणायला दुसरी कुणी नव्हती, एवढंच.

*

विस्तव घेताना वेदीभोवती पिवळं कापड धरतात. आमच्या बाजूने आत दोघांनाच जाता येतं, अध्यक्षाला आणि मानकऱ्याला. मी रिकामी धूपदाणी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. बाबांनी चंदनाची पूड हाताशी ठेवली. विस्तव आला की त्यावर पूड टाकायची, धूर उठला की झाकण लावायचं आणि वर कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या चिकटवायच्या. मग घरी पोचेपर्यंत उघडायचं नाही.

ऊ कारभाऱ्यांनी लांब दांड्याची तांब्याची पळी घेतली. मंत्र पुटपुटत ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मोठी धूपदाणी छातीच्या उंचीवर असते. पळी तिथे जाते तेव्हा कोपर वर उचललं जातं. कारभारी वाकले. कोपर खाली गेलं.

मग ते वळले आणि पळी माझ्या धूपदाणीत उपडी केली.

मी वाट पाहिली. विस्तव पडला की पितळ लगेच तापतं आणि तळव्यांना कळतं. काही कळलं नाही. मी आत पाहिलं. आईच्या धूपदाणीतली राख जवळजवळ पांढरी असते, पिठासारखी, कारण तिथे वर्षभर चांगलं चंदन जळतं. ही तपकिरी होती, तेलकट, गाठी धरलेली. तिच्यात पातळ पांढऱ्या कपच्या होत्या. मी एक उचलली. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट, नखाने दाबल्यावर कट्कन मोडली.

"कारभारी," मी म्हणाले, "ही राख कुठल्या धूपदाणीतली?"

"आईच्या देवळातली."

"आईला अंडी कोण वाहतं?"

मंत्र थांबला. वेदीच्या खाली, कापडाच्या झालरीआड, जमिनीवर वाघोबा बसतो. आईचं वाहन. त्याच्यापुढे एक छोटी धूपदाणी असते, आणि लोक त्याला कच्ची अंडी आणि डुकराच्या चरबीचे तुकडे वाहतात. मुलं आजारी पडली की त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात.

"डोळे चांगले आहेत पोरीचे," कारभारी म्हणाले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "मग काय झालं? वाघोबा परका आहे का? आई त्याच्यावरच बसते. समुद्रापलीकडे पळायचे बेत करणाऱ्यांना एवढं पुरे."

बाबांनी माझ्या हातातल्या धूपदाणीत बोट घालून राख पाहिली. बोट धोतराला पुसावं तसं पँटला पुसलं.

"आम्ही गेलो नाही, थिआम-हिन," ते कारभाऱ्यांना म्हणाले. "कुणीही गेलं नाही."

"जाणार नाही असं म्हणालात का कधी? तुमची पोरं बसमध्ये ओरडत जातात, आम्ही कांगबेची बहीण होणार, आम्ही कांगबेची बहीण होणार. तुम्ही गप्प. मी माणूस पाठवून विचारलं, तरी तुम्ही गप्प. बोकदादा, गप्प बसणाऱ्याला मी काय समजायचं?"

"विस्तव दे. बाकीचं मी गावात बघतो."

"गावात नाही. इथे. बाहेर सगळे उभे आहेत. गुडघे टेका आणि सांगा, तुआलुन लेक आहे, लेकच राहील, पलीकडे पाऊल टाकणार नाही. मग मोठ्या धूपदाणीतला घ्या. हव्या तेवढ्या पळ्या घ्या."

बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढून दोरा बाहेर ओढला. त्याचा लाल रंग कधीच उडाला होता. "हा तुझ्या वडिलांनी बांधलाय माझ्या गळ्यात," ते म्हणाले. "या वेदीसमोर."

"माझे वडील मऊ होते. म्हणून तुमच्यासारखे लोक म्हातारे झाले तरी आई आई करत इथे येतात, आणि घरी गेल्यावर दुसरी आई शोधतात."

बाबांचा चेहरा पाहायला मी वळले नाही. दोरा पुन्हा आत गेलेला तेवढा दिसला.

कारभाऱ्यांनी पिवळं कापड स्वतःच बाजूला सारलं. "तुआलुनकर!" ते ओरडले. "तुमचे बोकदादा काहीतरी सांगणार आहेत. या, पुढे या. कानातला मळ काढून ऐका."

"काय झालं, आ-लुआन?" किम-त्सू मावशीने मला विचारलं. "धूर का नाही?"

"विस्तव नाहीच," मी म्हणाले. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "वाघोबाच्या धूपदाणीतली राख दिलीय. थंड."

क्षणभर कुणालाच ते कळलं नाही. मग एकदम आरडाओरडा झाला. हाई-ओंग पायऱ्या चढून वर आला. भिंतीला टेकून बसलेली कांगबेची माणसं उठली आणि त्यांच्यातल्या दोघांच्या हातात पालखीचे दांडे होते. चहाचं भांडं सांडलं.

"वाघोबाची राख!" मावशी किंचाळली. "अरे, दोन दिवस अनवाणी चालत आलो आम्ही! तुझ्या चुलीतली दिली असतीस तरी मी म्हटलं असतं की निदान ऊब होती!"

"चूल तुमच्याकडे चांगली आहे ना?" कांगबेचा कुणीतरी म्हणाला. "तिथूनच घ्या. कालवं भाजता त्याच्यावर."

"तुझ्या आईला—"

"हाई-ओंग!" बाबा ओरडले. तो थांबला. बाबा इतक्या मोठ्याने ओरडतात हे त्याला माहीत नव्हतं.

"काका, आता तुम्हीच सांगा," तो दात आवळून म्हणाला. "बोट तयार आहे. एक शब्द म्हणा."

"सांगा ना," कारभारीही म्हणाले. "आम्हीही ऐकतो. की कौल लावायचाय? तुमची ती जुनी सवय." त्यांनी वेदीवरचे कौलाचे तुकडे उचलून बाबांच्या हातात दिले. त्यांची माणसं हसली. आमच्यातलेही एकदोघे हसले. ते मला दिसलं, बाबांनाही दिसलं असावं.

बाबांनी तुकडे दोन्ही तळव्यांत धरले. कपाळाला लावले. मला वाटलं, टाकतील. त्यांचे ओठही हलू लागले, प्रश्न जुळवताना हलतात तसे. मग ते थांबले. त्यांनी तुकडे वेदीवर ठेवले, सपाट बाजू खाली करून, शेजारी शेजारी.

"इकडे दे," ते मला म्हणाले आणि माझ्या हातातून धूपदाणी घेतली.

ते गुडघ्यांवर बसले. ऊ कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्यांनी हात पुन्हा पाठीमागे घेतले. पण बाबा त्यांच्याकडे वळले नाहीत. त्यांनी झालर वर उचलली आणि कोपरांवर रांगत वेदीच्या खाली शिरले. झालर त्यांच्या पाठीवर पडली. बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले, तळवे काळे झालेले, एका टाचेला फोड आलेला.

"बघा, तुआलुनचे अध्यक्ष!" कांगबेचा एक जण ओरडला. "बोकदादा, वाघ चावेल हं!"

"अंडं मिळालं तर आम्हालाही द्या!"

आतून पितळावर हात घासल्याचा आवाज येत होता. बाबा हाताने राख काढत होते. "तुमचं तुम्हाला परत," त्यांचा आवाज आला. ते वाघोबाशी बोलत होते. "तुम्हाला यात ओढलं, राग धरू नका."

"माफी मागतोय!" कुणीतरी म्हणालं. "वाघाची!"

"माणसाची मागण्यापेक्षा बरं," किम-त्सू मावशी म्हणाली. पण तिचा आवाज पहिल्यासारखा चढला नाही. ती त्या टाचेकडे पाहत होती.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर धूळ होती आणि बाहीला अंड्याची कपची चिकटलेली होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. वेदीचा काठ धरून उठले, धूपदाणी माझ्याकडे दिली. ती आतून पुसलेली होती, कोपऱ्यात बोटांचे ओरखडे दिसत होते.

"संपलं नाटक?" ऊ कारभारी म्हणाले. "आता बोला. लेक की बहीण?"

"लेक म्हणू नका, काका," हाई-ओंग म्हणाला. "शपथ आहे तुम्हाला."

बाबा दोघांकडेही पाठ करून आईसमोर उभे राहिले. गुडघे टेकले नाहीत. तिच्या काळ्या चेहऱ्याकडे बघत ते बराच वेळ नुसते उभे होते. कांगबेची माणसं पुन्हा हसायला लागली, मग थांबली. मला वाटलं, ते पुन्हा मग बघू म्हणतील आणि आम्ही सगळे रिकाम्या हातांनी घरी जाऊ आणि पुढच्या वसंतात पुन्हा याच दारात येऊ.

"आई," बाबा म्हणाले. देवळातली माणसं देवाशी बोलतात तसा हळू आवाज नव्हता. वाऱ्यात होडीवरच्या माणसाला हाक मारतात तसा होता. "मी लेकीला घरी नेतोय."

"ते नेणारच," कारभारी म्हणाले. "मी विचारलं ते—"

"पलीकडेही नेणार नाही," बाबा आईकडेच बघत म्हणाले. हाई-ओंग पुढे सरकला, "काका, हे काय—" तेवढ्यात बाबांनी त्याच्याकडे न बघता हात मागे केला आणि तो जागच्या जागी थांबला. "तिथेही कुणीतरी कारभारी बसलेला असेलच. पुढच्या वर्षी आम्ही इथे येणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आमचा विस्तव आम्ही आमच्या घरी, काडेपेटीने पेटवू."